दात नसलेली जागा

३ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. रागावली असशील तर बसूनच रागाव, त्या पायावर उभी राहू नकोस. प्लास्टर ओलं तर होऊ देत नाहीस ना? आंघोळीच्या वेळी पिशवी बांधतेस का? आणि तुझ्या शाळेतल्या त्या जिन्याला कुणी कठडा बसवला, की आणखी एक बाई पडायची वाट बघताहेत? घोड्याचा पाय असता तर मी नुसता हात फिरवून सांगितलं असतं की कधी टेकवायचा. माणसाच्या पायातलं मला काही कळत नाही, त्यामुळे जिवाला जास्तच घोर लागतो.

तू फोन केलास तेव्हा मी फक्त ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच म्हणालो, ते मनावर घेऊ नकोस. फोनवर मला सुचत नाही. शिवाय कान असे झालेत की मी मोठ्यानं बोलतो आणि शिंपीणबाईंना भिंतीपलीकडे वाटतं आमच्या घरात भांडण लागलंय. म्हणून हे पत्र. तबेल्यातल्या दाण्याच्या खोलीत, कोंड्याच्या पिंपावर पाट ठेवून लिहितोय. अक्षर हललं असेल तर पिंपाचा दोष समज.

कामाचा रगाडा आहे. मालकीणबाईंनी काजळीला माझ्या हवाली केलंय. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा कुंपणापाशी तुझ्या पिशवीचा बंद चघळत उभं होतं ना, ते काळं शिंगरू. आता शिंगरू कसलं, चांगली उंचपुरी घोडी झाली आहे. पाठीवर अजून कुणी बसलेलं नाही. म्होरकी घालून चालते, खरारा करू देते, पाय उचलून देते, पण तोंडाजवळ काही नेलं की मान अशी वर करते की माझा हात पुरत नाही. आणि मालकीणबाईंना ती वर्ष संपायच्या आत लगामावर हवी आहे.

मी माझ्याच पद्धतीनं चाललोय. तुला सगळं पाठ आहे, तरी लिहितो. आधी लगामाची नुसती तोंडात द्यायची कडी, पट्टे सोडवून, तिच्या गव्हाणीत टांगून ठेवली. लोखंडाचा वास तिच्या नाकाच्या सवयीचा व्हावा म्हणून. मग रोज सकाळी हिरड्यांना बोट लावायचं. मग अंगठा. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्यांच्यामधे घोड्याच्या जबड्यात रिकामी जागा असते. तिथे अंगठा ठेवून जरासं दाबलं की घोडं तोंड उघडतं. त्याला उघडायचं असतं म्हणून नाही, त्या तोंडाची घडणच तशी आहे. लहानपणी तू मला विचारलं होतंस, बाबा, देवानं ही जागा लगामासाठीच ठेवली का? मी हो म्हणालो होतो. आता कुणी विचारलं तर मला तसं छातीठोक सांगता येणार नाही.

थंडी पडायला लागली आहे. सकाळी कडी बर्फासारखी असते. तू असतीस तर फ्रॉकच्या आत काखेत धरून ती उबवत बसली असतीस. आता ते काम मीच करतो. तो नवा चाबूकस्वार, मालकीणबाईंनी उन्हाळ्यात ठेवला तो, मला बघून हसतो. परवा म्हणाला, “काका, एक कडी घालायची तर तुम्ही किती दिवस घोडीची समजूत काढताय. तुमच्या लग्नाला तरी एवढी बोलणी झाली होती का?”

मी म्हटलं, “झाली होती. तिकडूनही नकारच येत होता.”

हे मी घरी येऊन आईला सांगितलं. तिला गंमत वाटली असावी.

आई बरी आहे. खिडकीपाशी खुर्चीत बसते, रस्ता बघते. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला ठाऊक असतं, सांगता मात्र येत नाही. उजवा हात झटक्यानंतर होता तसाच आहे. काळजीचं कारण नाही. या पत्राखाली तिच्या दोन ओळी नाहीत, कारण पत्र तबेल्यात लिहिलं. पुढच्या खेपेला लिहील.

पायाला जप. दूध पी.

तुझे
आई-बाबा


२१ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू शाळेत बाई झालीस तरी घरी आमच्याच पेपरात लाल पेन फिरवशील असं वाटलं नव्हतं. ‘पत्र तबेल्यात लिहिलं, मग घरी नेऊन आईपुढे ठेवायला काय झालं होतं’ असं तू विचारलंस. तुझी आई छापखान्यात चष्मा नाकावर उतरवून लोकांच्या चुका हुडकायची, ते डोळे तू घेतलेस.

सांगतो. आधी काजळीचं सांगतो, मग सांगतो.

मागच्या आठवड्यात तिनं कडी घेतली. मध लावला होता, कडी कोमट होती, अंगठा ठेवला आणि ती तोंड उघडून मोकळी झाली. मला वाटलं, झालं. पण कडी मागे सरकून जागेवर बसते न बसते तोच तिनं असं डोकं झटकलं की माझा चष्मा चाऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मधाची बाटली पाहूनच भिंतीला जाऊन टेकली. मला तिचा राग आला. मी तिला बोलू नये ते बोललो. म्हटलं, एवढं गोड लावून देतोय आणि वर तुझे हे नखरे.

चाबूकस्वार म्हणाला, “काका, बाजूला व्हा. हे दुपारच्या आत होतं.” त्यानं तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळला. तसं केलं की घोडं जागेवर खिळतं हे खरं आहे, मी लहानपणापासून बघत आलो आहे. ती खिळली. तोंडात कडी गेली. आणि मग ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि दोरी, कडी आणि चाबूकस्वार, तिघंही खाली आले. त्याला फारसं लागलं नाही. तिच्या ओठाला लागलं.

मालकीणबाईंनी घोड्यांच्या डॉक्टरला बोलावलं. ओठ बघायला आला होता, पण त्यानं तिला गुंगीचं औषध देऊन सगळंच तोंड चाचपलं. वरच्या दाढेच्या पुढे, हिरडीच्या आत, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असा एक दात निघाला. बाहेर दिसतच नव्हता. काही घोड्यांना असतो तसला, कशाच्याच उपयोगाचा नसतो. कडी मागे सरकली की बरोबर तिथे लागायची. म्हणजे मी मध लावून रोज तिच्या दुखऱ्या जागेवर लोखंड नेऊन ठेवत होतो, आणि वर तिलाच बोलत होतो. डॉक्टरनं तो काढून माझ्या हातावर ठेवला. हिरडी भरून येईपर्यंत तोंडाला हात लावायचा नाही असं सांगितलं. तो दात मी खिशात ठेवला आहे. का ठेवलाय ते विचारू नकोस.

आता आईचं.

ती जेवत नाही.

कमी जेवते असं लिहिणार होतो. कमी जेवणं ऑक्टोबरात होतं. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण तू जिन्यावरून पडल्याचं त्याच सुमारास कळलं, आणि तुला सांगितलं असतं तर तू त्या पायानं लंगडत गाडीत बसली असतीस हे मला ठाऊक आहे. आता ती दात मिटून घेते. चमचा ओठाला लावला की दोन्ही ओठ आत ओढून घेते. रागानं नाही. माझ्याकडे बघत असते, डाव्या हातानं माझ्या शर्टाची बाही धरून ठेवते, आणि तोंड बंद. दूध दिलं तर एखादा घोट घेते, तोही माझं मन राखायला घेतल्यासारखा.

तुला मागचं पत्र उशिरा गेलं ते याचमुळे. मी ते घरी नेलं होतं. तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, खाली जागा दाखवली. झटका येऊन गेल्यावर तिनं वाकडी का होईना पण अक्षरं गिरवायला घेतली होती, ती तू पाहिलीस. तिनं पेन्सिल धरली, बराच वेळ धरली, मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. मी रोज देत होतो, ती रोज ठेवत होती. शेवटी मी पत्र तसंच टाकलं आणि खाली आई-बाबा असं मीच लिहिलं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, गिळता येतंय, घशाला काही झालेलं नाही. हळूहळू प्रयत्न करा, ठसका लागू देऊ नका. शिंपीणबाई मी कामाला गेल्यावर तिच्याजवळ शिवणाचं मशीन घेऊन बसतात. त्यांनी मऊ भात करून पाहिला, फळं कुस्करून पाहिली, वरून मलाही सुनावलं. म्हणाल्या, “भाऊ, घोडीशी सकाळभर गुलुगुलु बोलता, आणि बायकोपुढे चमचा धरून पोस्टमनसारखे उभे राहता.” तेही खरंच असेल. मी मग बोलून पाहिलं. पण तिच्याशी काय बोलायचं, जे बोलायचं असतं ते सगळं तिला माहीत असतं.

काल त्या दातावरून माझ्या मनात आलं, हिचंही तोंड दुखत असेल तर? दाढ किडली असेल, आत कुठे फोड असेल. सांगता येत नाही म्हणून मिटून घेत असेल. उद्या बॅटरी घेऊन नीट बघणार आहे. तसंच काही निघालं तर दाताच्या डॉक्टरला घरी आणतो आणि सगळं मार्गी लागतं. मला तरी तसंच असेल असं वाटतंय. तू घाबरू नकोस. प्लास्टर डॉक्टरनं काढल्याशिवाय स्वतः काढायला जाऊ नकोस.

तुझे
बाबा

(आई झोपली आहे.)


१४ डिसेंबर

चि. ठकू,

आशीर्वाद.

मागच्या पंधरवड्यात मी फोनवर तुला सांगितलं की आई जेवायला लागली. ते खोटं नव्हतं. तू रडलीस, ‘बाबा, कसं जमवलंत’ म्हणून विचारलंस, आणि मी फोन ठेवून दिला. मग तुझं कार्ड आलं. तू लिहिलं होतंस, जे जमलंय ते सोडू नका, काहीही करून चार घास पोटात जाऊ देत. ते कार्ड मी उशीखाली ठेवलं आहे. तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

आता कसं जमवलं ते सांगतो. फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. आपलं घर दोन खोल्यांचं, आणि तिच्या तोंडातून शब्द येत नाही तरी कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. तिच्यासमोर तिच्याबद्दल कसं बोलू?

मी बॅटरी घेऊन तिचं तोंड पाहिलं. ओठ तिनं उघडू दिले, दात उघडले नाहीत. मग बोटानं गाल बाजूला करून दिसेल तेवढं पाहिलं. सगळं स्वच्छ. कुठे सूज नाही, लाली नाही, फोड नाही. मी पुन्हा पाहिलं. शिंपीणबाईंना पाहायला लावलं. ठकू, बायकोच्या तोंडात काहीतरी दुखणं सापडावं म्हणून मी धडपडत होतो, आणि ते नव्हतं. मग माझ्यापाशी कारणच उरलं नाही.

तिच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाढा मागेच काढल्यात, हे तुला माहीत आहे. पुढचे दात आहेत, मग रिकामी हिरडी. गाल बाजूला धरलेला होता, बॅटरी तोंडात धरायला नको म्हणून मी ती उशीवर टेकवली होती, दुसऱ्या हातात काही नव्हतं. माझा अंगठा तिथे गेला. मी ठरवून नेला असं म्हणणार नाही. नेला नाही असंही म्हणता येत नाही. जन्मभर जो हात एका कामाला लागला तो रिकामी जागा दिसली की तिथे जातो. मी जरासं दाबलं.

तिनं तोंड उघडलं.

वाटी शेजारीच होती. मी चमचा दिला. तिनं गिळलं. पुन्हा अंगठा, पुन्हा चमचा. वाटी रिकामी झाली. शिंपीणबाई दारातून बघत होत्या, त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या हाताला गुण आहे.” आणि मला, तुला खरं सांगतो, आनंद झाला. मी वाटी विसळताना शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मग रोज. सकाळी दूध, दुपारी घरी येऊन भात, संध्याकाळी सूप. तिच्या गालावर थोडी चमक आली. डॉक्टरीणबाईंनी वजन बघून शाबासकी दिली. कसं जमवलं ते त्यांनी विचारलं, मी म्हटलं, सवय लावली. शिंपीणबाईंना मात्र अंगठा कुठे ठेवायचा ते मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मलाही शिकवा, तुम्ही कामावर असता तेव्हा मी भरवीन. मी म्हटलं, ते तुम्हाला जमणार नाही. जमलं असतं. पण दुसऱ्या कुणी करावं हे मला बघवलं नसतं, आणि तसं का वाटतं याचा मी तेव्हा विचार केला नाही. म्हणजे आत कुठेतरी कळलेलंच होतं.

इकडे काजळीची हिरडी भरून आली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नुसतं बोट, मग अंगठा, मग कोमट कडी. या वेळी झटकली नाही. जीभ फिरवत, कडी चघळत उभी राहिली, ओठांवर फेस आला. काढताना मी किती जपलं असेल, दातांना टिचकीसुद्धा लागू दिली नाही. घालताना घोडं फसवता येतं, काढताना फसवता येत नाही, हे मी तुला शिकवायचो. चाबूकस्वार लांबून बघत होता. त्यानं या खेपेला काही टोमणा मारला नाही. मला वाईट वाटलं, एखादा मारला असता तर बरं झालं असतं.

मागच्या सोमवारी घरी मी वाटी घेऊन आईच्या समोर बसलो. चमचा अजून वाटीतच होता. मी नुसता हात वर केला, अंगठा तिच्या गालापाशीही पोचला नव्हता. आणि तिनं तोंड उघडलं.

हे कधी होतं ते तुला माहीत आहे. अंगठा लावायची गरज उरत नाही, नुसता हात दिसला की पुरतो, आणि मालक म्हणतो, वा, शिकली. त्याच दिवशी सकाळी काजळीनं तसं केलं होतं. मी कडी घेऊन आत गेलो, तिनं मान खाली आणली आणि आपणहून तोंड उघडलं. मालकीणबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखा माणूस आता मिळायचा नाही.” मी मान हलवली. आणि संध्याकाळी घरी हे.

तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. किती दिवसांपासून बघत नसेल कुणास ठाऊक, माझं लक्ष चमच्यावर असायचं. दात मिटून घ्यायची तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायची, बाही घट्ट धरून ठेवायची. आता हात मांडीवर पडलेला, नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीवर, तोंड उघडं. आपली आई ती. छापखान्याचा मालक चुकीचा मजकूर छापा म्हणाला तर चष्मा काढून टेबलावर ठेवणारी आणि तो दुरुस्त करीपर्यंत चष्मा न लावणारी. मी वाटी खाली ठेवली. तिचं तोंड तसंच उघडं होतं. मलाच हनुवटीला हात लावून ते मिटावं लागलं.

त्या दिवसापासून मी अंगठा लावला नाही. आणि त्या दिवसापासून ती जेवली नाही. दुधाचा एखादा घोट, ओले ओठ, एवढंच. मात्र माझ्याकडे पुन्हा बघायला लागली आहे. बाही धरते.

डॉक्टरीणबाई काल आल्या होत्या. नाकातून नळी घालता येईल म्हणाल्या. हात बांधावा लागेल, कारण अशी माणसं ती ओढून काढतात. नाहीतर, म्हणाल्या, जसं चाललंय तसं चालू द्या, आम्ही तिला त्रास होणार नाही एवढं बघू. किती दिवस हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणाल्या, घरातल्यांनी मिळून ठरवा. घरातले म्हणजे मी, आणि कोंड्याच्या पिंपावरचा हा कागद, आणि तू.

त्या गेल्यावर मी तिच्यापाशी स्टूल ओढून बसलो. शिंपीणबाईंचा टोमणा मनात होता, म्हणून या वेळी नुसता उभा राहिलो नाही, नीट विचारलं. म्हटलं, “अगं, खायचं नाहीच का? की माझ्या हातून नको? ठकूला बोलावू का? नळी घालतात तशी घालू का? काय ते एकदा सांग.” मूर्खासारखे चारही प्रश्न एकदम विचारले. एक एक विचारायला हवे होते.

तिनं बाही सोडली आणि माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. तिच्या डाव्या हातात जोर कुठला, तरी तिनं माझा अंगठा आत दुमडला, तळव्यावर टेकवला, आणि वरून माझी चारही बोटं एक एक करून मिटली. मग त्या मुठीवर आपला हात ठेवून बसली. न्हाव्यानं दुकान बंद केलं तरी तशीच बसली होती.

आता तूच सांग याचा अर्थ काय. थंडी होती, माझा हात गार असेल, तिला त्याला ऊब द्यायची असेल. तसंही असू शकेल. झटक्यानंतर ती कधी कधी उगाच वस्तूंशी चाळा करते, रुमालाच्या घड्या घालते, हे तू पाहिलं आहेस. मी एकटा अर्थ लावायला बसलो की मला जो सोयीचा तोच लागतो, आणि दुसऱ्या दिवशी दुसराच सोयीचा वाटतो. आज सकाळी भात कालवला. हात उचलला, तिनं पाहिलं, आणि मी हात खाली घेतला. तो एक अंगठा लावला तर ती जगेल, हे मला रोज तीन वेळा कळतं. आणि तोंड तिचं उघडेल, पण ते उघडणारी ती नसेल, हेही कळतं. दोन्ही कळून मी वाटी झाकून ठेवतो आणि तबेल्यात येतो. काजळी आपणहून तोंड उघडून उभी असते. मला आता तिच्या ठाणापाशी जाववत नाही. पुढचं काम चाबूकस्वाराकडे द्या असं मी मालकीणबाईंना सांगितलं. तो वाईट नाही. दोरी वापरणार नाही असं कबूल केलंय त्यानं.

तुझं प्लास्टर या आठवड्यात निघणार होतं. निघालं असेल, आणि डॉक्टर हो म्हणाला, आणि कुणी सोबत मिळालं, तर ये. तिच्यापुढे बस आणि तू विचार. एका वेळी एकच विचार. तुझ्याकडे ती काय करते ते आपण दोघं बघू. पाय तयार नसेल तर येऊ नकोस, उगाच आणखी एक दुखणं नको. पण मग लिहून कळव की मी काय करू. अंगठा लावा म्हणालीस तर लावीन. नळी म्हणालीस तर डॉक्टरीणबाईंना निरोप देईन, हात मात्र मी बांधणार नाही, तो त्यांनी बांधावा. काही करू नका म्हणालीस तर तिच्याजवळ बसेन. यातलं एकही माझ्या एकट्याच्या हातून होत नाही.

फोन करू नकोस, तिला ऐकू जातं. दोन ओळी टाक, नाहीतर एकच टाक, शाई वाळायची वाट न बघता टाक. पोस्टमन रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसला की आम्ही दोघं खिडकीतून त्याच्याकडे बघतो. ती कशासाठी बघते ठाऊक नाही, मी तुझ्या पत्रासाठी बघतो. लवकर कळव, ठकू. फार दिवस लावू नकोस.

या खेपेला आईचं नाव तिला न विचारता खाली घालत नाही. म्हणून नुसता

बाबा